विसाव्याची वाटणी
(फ्लॅटच्या सजावटीविषयीच्या एका पुस्तकाची प्रस्तावना)

घराच्या सजावटीवरची बहुतेक पुस्तके दुकानापासून सुरू होतात: सोफा कोणता घ्यावा, भिंतीला रंग कोणता द्यावा, दिवे कुठले बसवावेत. हे पुस्तक त्याआधीच्या प्रश्नापासून सुरू होते. दिवसभराचे काम, प्रवास आणि गर्दी संपवून माणूस घराचे दार उघडतो, तेव्हा आतल्या पाच-सहाशे चौरस फुटांत त्याचे शरीर आणि मन खरोखर सैलावते का? सैलावत नसेल, तर नेमके काय आड येते? या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक गोष्ट वारंवार पुढे येते आणि तीच या पुस्तकाची भूमिका आहे. घरातली शांतता विकत आणलेल्या वस्तूंमधून क्वचितच येते. ती येते वाटणीतून. कोणत्या वेळी किती उजेड, कोणता आवाज कुठवर पोचावा, कोणते सामान नजरेसमोर आणि कोणते नजरेआड, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातल्या कोणाच्या वाट्याला निवांत बसण्याची जागा आणि वेळ किती, ही ती वाटणी. ती नीट झाली तर चुन्याची साधी भिंतही मनाला पुरते. ती बिघडली असेल तर महागडे फर्निचर घरातल्या दाटीत भर घालण्यापलीकडे फारसे काही करत नाही.

जुन्या मराठी घरांनी ही वाटणी बांधकामातच करून ठेवली होती. कोकणातल्या घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर अशा पायऱ्यांनी माणूस आत जातो. प्रत्येक टप्प्यावर ऊन थोडे कमी होते, आवाज थोडा मागे राहतो, परका माणूस कुठे थांबणार हे न सांगता ठरते. देशावरच्या वाड्यात चौक उजेड आणि वारा आत घेतो, तर माजघर मुद्दाम गार आणि अंधुक ठेवलेले असते. सामानासाठी कोनाडे, फडताळे आणि खुंट्या भिंतीतच असल्यामुळे जमीन मोकळी राहते. गोव्याच्या जुन्या घरांत बल्कांव रस्त्याकडे तोंड करून गप्पांना जागा देतो, राजांगण घराच्या पोटात मोकळे आकाश आणते आणि शिंपल्यांच्या तावदानांतून कडक ऊन दुधाळ होऊन आत येते. मात्र या घरांचे नुसते गुणगान करून भागणार नाही. सदर आणि ओटी पुरुषांची होती. बायकांचा विसावा कामाच्या दोन खेपांमध्ये मिळेल तेवढाच. कोण कुठवर आत येणार हे जात ठरवत होती. म्हणजे उजेडाची आणि आवाजाची वाटणी त्या घरांना साधली होती, माणसांमधली वाटणी साधली नव्हती. पहिली शिकायची आणि दुसरी दुरुस्त करायची, एवढ्या तयारीनेच या वारशाकडे पाहायला हवे.

मुंबईने हा वारसा फार लहान जागेत कोंबला. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. समोरच्या इमारतीमुळे खोलीचा उजेड अडू नये म्हणून या ट्रस्टने साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम आणला. उजेड आणि हवा हा शहरी घराचा हक्क आहे, ही कल्पना इथे नियमाच्या भाषेत उतरली. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. तिथला विसावा खोलीत मावत नसे, तो सामाईक गॅलरीत आणि जिन्याच्या पायऱ्यांवर शोधावा लागे. त्यानंतरच्या दशकात ओव्हल मैदान आणि मरीन ड्राइव्हच्या कडेने आर्ट डेको इमारती आल्या. गोलाई घेतलेल्या बाल्कन्या आणि खिडक्यांवरच्या छज्ज्यांसह त्यांनी स्वयंपूर्ण फ्लॅटचे स्वप्न शहरात रुजवले. १९३७ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवले आणि घराची अंतर्गत रचना हा शहरातल्या मध्यमवर्गाच्या चर्चेचा विषय झाला. पुढे १९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा यांनी सोसायटीतला फ्लॅट हे घराचे सर्वसाधारण रूप ठरवले. जागेचा भाव वाढत गेला, तशा बाल्कन्या खोल्यांत सामावल्या, खिडक्यांना ग्रिल आणि ग्रिलमध्ये सामान आले. आत आणि बाहेर यांच्यामधला जो पट्टा घराला श्वास देत होता, तोच आपण सर्वांत आधी मोडीत काढला.

सजावटीकडे केवळ शोभा म्हणून न पाहता जगण्याची रीत म्हणून पाहणारे विचार जगभर झाले आणि त्यांत ठळक मतभेदही आहेत. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिसने कारखान्यातल्या स्वस्त, नक्षीदार मालाविरुद्ध हस्तकौशल्याची बाजू घेतली आणि १८८० च्या एका व्याख्यानात घरातल्या प्रत्येक वस्तूला उपयोग किंवा सौंदर्य यांपैकी एका कसोटीवर उतरवण्याचा आग्रह धरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नात अडोल्फ लोसने नक्षीकामावरच हल्ला चढवला. १९२३ मध्ये ल कॉर्ब्युझिएने घराला राहण्याचे यंत्र म्हटले, तेव्हा त्याला उजेड, स्वच्छता आणि मोकळी जमीन अपेक्षित होती. मॉरिसचा धागा वस्तूशी जिव्हाळ्याचे नाते जोडतो, आधुनिकतावाद्यांचा धागा वस्तूपासून सुटका मागतो. आजच्या फ्लॅटमध्ये हे दोन्ही धागे एकमेकांत अडकलेले दिसतात. पांढऱ्या भिंती आणि हँडल नसलेली कपाटे आधुनिकतावादाकडून येतात, तर हातमागाचा पडदा आणि मातीचे भांडे मॉरिसच्या घराण्यातले. या दोघांत निवड करायची गरज नाही, पण कोणती गोष्ट कोणत्या विचारातून आली हे कळले, तर आंधळे अनुकरण टळते.

तिसरी परंपरा जपानची. सोळाव्या शतकात सेन नो रिक्यूने चहाची खोली दोन तातामी चटयांइतकी लहान करून दाखवली आणि लहान जागा ही उणीव न राहता एकाग्रतेचे साधन होऊ शकते हे सिद्ध केले. १९३३ मध्ये जुनिचिरो तानिझाकी या कादंबरीकाराने सावलीच्या सौंदर्यावर दीर्घ निबंध लिहिला आणि विजेच्या सपाट झगझगाटाने काय हरवते ते दाखवून दिले. आपल्या माजघराचा गारवा अनुभवलेल्या वाचकाला हे विचार परके वाटणार नाहीत. अलीकडच्या काळात मारी कोंडोची आवरासावर आणि डेन्मार्कची ह्युगे नावाची ऊबदार जीवनशैली जगभर विकली गेली. यांतून घेण्यासारखे बरेच आहे, पण हवामानाचा विचार न करता घेतले तर फसगत होते. डेन्मार्कच्या लांबलचक, काळोख्या हिवाळ्यात मेणबत्त्या, लोकर आणि जाड गालिचे सुख देतात. ठाण्याच्या किंवा रत्नागिरीच्या जुलैमध्ये त्याच गालिच्याला बुरशी येते आणि मे महिन्यात तीच ऊब नकोशी होते. आपल्याकडे शरीराला निवायचे असते. म्हणून सावली, वारा, पायाला गार लागणारी फरशी आणि सहज धुता येणारे सुती कापड ही आपल्या विसाव्याची खरी सामग्री आहे.

वास्तुरचनाकारांमध्ये या दिशेने नेमका विचार दोघांनी केला. अमेरिकेत क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ च्या आपल्या ग्रंथात घरांचे चांगले गुण छोट्या छोट्या सूत्रांत मांडले. खोलीला दोन बाजूंनी उजेड असावा आणि मोठ्या खोलीच्या कडेला एकट्याने बसण्याचे कोनाडे असावेत, ही त्यांपैकी दोन. मुंबईत चार्ल्स कोरिया यांनी १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत जुन्या बंगल्याचा व्हरांडा गगनचुंबी इमारतीत आणला. मुंबईत पश्चिमेकडे तोंड केले तर समुद्र आणि वारा मिळतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाचा माराही तिकडूनच येतो. कोरियांनी दोन मजले उंचीच्या खोल बागा कोपऱ्यांत कोरून या दोहोंमध्ये अंतर निर्माण केले. ती इमारत श्रीमंतांची असली, तरी तिच्यातले तत्त्व श्रीमंतीवर अवलंबून नाही. खिडकीबाहेर बांबूची चिक सोडणे किंवा बंद केलेल्या बाल्कनीतले सामान काढून तिथे पुन्हा एक बैठक करणे हे त्याच तत्त्वाचे चार फुटांतले रूप आहे. आपल्याकडे घराघरांत पोचलेला आणखी एक विचार वास्तुशास्त्राचा. त्यातल्या दिशांच्या आग्रहामागे सूर्य आणि वारा यांचे निरीक्षण असू शकते, पण अठराव्या मजल्यावरच्या, तिन्ही बाजूंनी इमारतींनी वेढलेल्या फ्लॅटला ते नियम जसेच्या तसे लावल्याने विसाव्यापेक्षा धास्तीच वाढते. आपल्या खिडकीतून ऊन प्रत्यक्षात केव्हा येते आणि वारा कुठून वाहतो हे स्वतः पाहणे अधिक उपयोगाचे.

आता पुराव्याकडे वळू. परिसराचा शरीरावर परिणाम होतो ही कविकल्पना नाही. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्या २३ रुग्णांपेक्षा सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णांची संख्या लहान होती, तरी या अभ्यासाने एक नवे क्षेत्र उघडले. २०१० मध्ये डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेटी यांनी लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांना आपले घर दाखवत त्याचे वर्णन करायला सांगितले. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे वारंवार आली, त्यांच्या शरीरातल्या कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची दिवसभरातली घट मंदावलेली आढळली; नवऱ्यांमध्ये हा संबंध तसा दिसला नाही. म्हणजे पसारा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो, पण ज्याच्यावर तो आवरण्याची जबाबदारी असते त्याच्या शरीरात तो उतरतो. वाटणीचा मुद्दा इथे प्रयोगशाळेच्या भाषेत पुढे येतो. याच वेळी खोटी आश्वासनेही ओळखायला हवीत. कुंडीतली झाडे हवा शुद्ध करतात, हा समज नासाच्या १९८९ च्या प्रयोगातून पसरला. तो प्रयोग बंद पेटीत झाला होता. २०१९ च्या आढाव्याने दाखवले की खऱ्या घरात नेहमीच्या वायुविजनाइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील. विशिष्ट गुलाबी रंगाने माणसे शांत होतात हा १९७० च्या दशकाच्या अखेरीचा दावाही पुढच्या काटेकोर प्रयोगांत टिकला नाही. झाडे आणि रंग जरूर असावेत, पण आवडतात म्हणून. औषध म्हणून नव्हे.

जिथे पुरावा भक्कम आहे, तिथे उपायही बहुधा स्वस्त असतात. आपल्या डोळ्यांत शरीराचे घड्याळ चालवणाऱ्या खास पेशी आहेत आणि त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक दाद देतात, हे या शतकाच्या आरंभी स्पष्ट झाले. तरीही आपल्या बहुतेक घरांत छताच्या मधोमध ६५०० केल्व्हिनचा पांढराफटक दिवा रात्री अकरापर्यंत जळतो. संध्याकाळनंतर तो मालवून डोळ्यांच्या पातळीखाली २७०० केल्व्हिनचे एक-दोन पिवळसर दिवे लावणे, हा सजावटीतला सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जाणवणारा बदल आहे. हवेचेही तसेच. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-दमट प्रदेशात खिडक्यांचे उघडणारे क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या किमान एक-षष्ठांश असावे. दोन पाखांची स्लायडिंग खिडकी कितीही मोठी दिसली, तरी एका वेळी निम्मीच उघडते. म्हणून ती बदलताना बिजागरीच्या खिडकीचा विचार व्हायला हवा आणि वाऱ्याच्या वाटेत उंच कपाट येऊ नये. आवाजाच्या बाबतीत नियमांनुसार निवासी भागातली रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेने झोपेच्या खोलीत ३० डेसिबलची शिफारस केली होती. मधले अंतर घरालाच भरून काढावे लागते. दाराखिडक्यांच्या फटी बुजवल्या तर बाहेरचा आवाज कमी शिरतो. पडदा, सतरंजी, भिंतीवर टांगलेली गोधडी, पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी व्हिट्रिफाइड फरशीवरचा आणि पीओपीच्या छताखालचा घुमारा कमी होतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही, एवढे समजले तरी बराच खर्च वाचतो.

पण उजेड, वारा आणि आवाज सुधारूनही घर विसाव्याचे होईलच असे नाही, कारण शेवटी प्रश्न उरतो तो विसावा कोणाचा. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात स्वतःच्या घरचे काम करणाऱ्या स्त्रियांची त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च होतात असे दिसले. पुरुषांचा आकडा ९७ मिनिटांचा होता. ज्या घरात एकीला पाच तास उभे राहायचे आहे, तिथे दिवाणखान्यावर सगळा खर्च करून स्वयंपाकघराचा ओटा चुकीच्या उंचीचा, बिनवाऱ्याचा आणि अंधारा ठेवणे म्हणजे विसाव्याची सजावट नव्हे. दहावीच्या मुलीला अभ्यासाला, आजोबांना दुपारच्या झोपेला, घरून काम करणाऱ्याला दार बंद करायला जागा हवी असते. दोन खोल्यांच्या घरात चौघांना चार खोल्या मिळणार नाहीत, हे उघड आहे. मात्र खिडकीलगतची एक खुर्ची, पडद्याआडचा दिवाण किंवा ठरलेल्या वेळेपुरती रिकामी ठेवलेली बाल्कनी यांवर कोणाचा तरी निर्विवाद हक्क ठरवता येतो. जागा लहान असली की वेळेचीही वाटणी करावी लागते. म्हणून सजावटीचा आराखडा काढण्याआधी घरातल्या प्रत्येकाला तो कुठे आणि केव्हा निवांत होतो हे विचारणे, ही या पुस्तकाच्या दृष्टीने पहिली पायरी आहे.

यावर काही आक्षेप येणार आणि ते रास्त आहेत. पहिला असा की, जिथे माणसांना डोक्यावर छप्पर मिळत नाही, तिथे शांत कोपऱ्याची चर्चा ही चैन आहे. उलट, जागा जितकी लहान तितकी तिची मांडणी निर्णायक ठरते. प्रशस्त बंगल्यातली चूक दुसऱ्या खोलीत जाऊन टाळता येते, एका खोलीच्या घरातली चूक रोज सोसावी लागते. दुसरा आक्षेप भाडेकरूंचा: ज्या भिंतीला खिळा ठोकता येत नाही, तिच्यावर पैसा का घालावा? म्हणूनच दिवा, पडदा, चिक, सतरंजी, उघडी मांडणी अशा सोबत नेता येण्याजोग्या गोष्टींना इथे महत्त्व दिले आहे. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: स्वतःच्या घरात शांततेची गढी बांधणारा माणूस शहराकडे पाठ फिरवतो. ही भीती खोटी नाही. काचा बंद करून एसी लावला की रस्त्यावरचा गोंगाट हा दुसऱ्याचा प्रश्न होतो. पण खिडकी उघडी ठेवायची इच्छा असलेला माणूस समोरचे झाड तोडले जाताना आणि रात्री अकरानंतर भोंगे वाजताना गप्प बसू शकत नाही. विसावा मोकळ्या हवेवर आणि उजेडावर उभा असेल, तर तो आपल्याला गल्लीशी, सोसायटीच्या सभेशी आणि महापालिकेशी जोडतो.

या विषयाची आजची निकड दोन गोष्टींमुळे आहे. २०२० च्या टाळेबंदीने घराला एकाच वेळी कार्यालय, शाळा आणि रुग्णखोली केले आणि टाळेबंदी उठली तरी कामाचा एक हिस्सा घरातच राहिला. दुसरी गोष्ट पुनर्विकासाची. मुंबई आणि पुण्यात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळालेली कुटुंबे पहिल्यांदाच स्वतःच्या चार भिंतींची मांडणी ठरवत आहेत. त्यांच्यासमोर बाजार तयार संच घेऊन उभा आहे: फॉल्स सीलिंग, लॅमिनेटचे टीव्ही युनिट, मॉड्युलर किचन. चाळीची गॅलरी मात्र त्या संचात नाही. तिच्या जागी काय आणायचे, हा त्यांचा प्रश्न मराठीत नीट विचारला जायला हवा. या पुस्तकाचा प्रयत्न तेवढाच आहे. इथे चकचकीत छायाचित्रांतली आदर्श घरे नाहीत आणि एकच एक शैली पुरस्कारलेली नाही. ऊन, वारा, आवाज, सामान आणि माणसे यांकडे क्रमाने पाहायला शिकवणे, प्रत्येक निर्णयामागचे कारण सांगणे, आणि त्या कारणावरून वाचकाने आपल्या घराचा निर्णय स्वतः घ्यावा एवढी तयारी करून देणे, हे त्याचे काम आहे. त्यामुळे हे पुस्तक एकट्याने वाचण्यापेक्षा घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावे, आणि काही विकत आणण्याआधी वाटणीबद्दल एकदा बोलून घ्यावे.